खळखळती कढई, गप्प कढई

फार पूर्वी, म्हणजे भांडणाचा निवाडा माणसांपेक्षा कढईनं केलेला बरा असं लोकांना वाटायचं, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात एक तळणीवाली बाई राहायची. तिचं नाव येसू. पण नुसतं येसू म्हणायची कुणाची टाप नव्हती. लहानथोर सगळे तिला येसूकाकू म्हणत.

गावात बारसं असो, लग्न असो की देवीचा उत्सव, तळणीला येसूकाकूच हवी. तिची पुरी टम्म फुगायची, करंजी कधी फुटायची नाही आणि तिच्या कढईत अनरसा हसायचा नाही. अनरसा हसला म्हणजे तुपात विरघळून पसरला बरं का. त्याचं हसणं बाईला रडवतं. काकूच्या हातांवर जुन्या चटक्यांचे डाग होते आणि जीभ मिरचीला लाजवणारी होती. कुणी म्हणालं, "काकू, पुरी जरा तेलकट वाटतेय," की काकू म्हणायची, "मग बोटं चाट, तेवढीच भाजी वाचेल."

काकूचा एक नेम होता. पहिला घाणा देवाचा. कढई चुलीवर चढली की आधी एक चिमुकली पुरी लाटायची, तेलात सोडायची, तळून निघाली की चुलीतल्या अग्नीला द्यायची. मग बाकीचं तळण. पंगतीला पाहुणे ताटकळत बसले तरी हा नेम मोडायचा नाही. काकूच्या आईनं तो तिला शिकवला होता, आईला तिच्या आईनं.

आता गावाची गोष्ट सांगते. गावाच्या वरच्या अंगाला एक झरा होता. त्याचं पाणी दगडी गायमुखातून पडायचं. उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसू लागला तरी गायमुखाची धार काही तुटायची नाही. कुंभाराची माती, कोष्ट्याचं सूत, काकूची कणीक, सगळं त्याच पाण्यावर भिजायचं. त्या पाण्यासाठी कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या गावाला एक जहागीरदार होता. त्याला आपल्या बागेत कारंजी उडवायची हौस आली. एक नाही, रांगेनं. त्यानं काय केलं, गायमुखाभोवती काटेरी कुंपण घातलं, दोन दांडगे पहारेकरी उभे केले आणि दवंडी पिटली, "हा झरा माझ्या पणजोबांनी बांधला. आजपासून पाणी माझं."

बायका रिकाम्या घागरी घेऊन परत आल्या. गावात हलकल्लोळ माजला. म्हातारे म्हणाले, "अहो, याचे पणजोबा तर पलीकडच्या मुलखातून आले, झरा त्याच्या आधीचा!" पण ते डोळ्यांनी पाहिलेलं कुणीच जिवंत नव्हतं. शेवटी राजधानीहून न्यायाधीश आले. मोठा समजूतदार म्हातारा माणूस. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि कपाळाला हात लावला. याचंही खरं वाटतं आणि त्यांचंही. साक्षीदार कुणीच नाही.

तेव्हा जहागीरदार मिशीवर ताव देत पुढं आला. म्हणाला, "महाराज, आमच्याकडे जुनी चाल आहे. रव्याचं दिव्य होऊन जाऊ द्या!"

रवा म्हणजे शिऱ्यातला रवा नव्हे हं. हा रवा धातूचा तुकडा. मोठ्या कढईत तेल घालायचं, खाली जाळ करायचा, तेलात रवा टाकायचा. खळखळून उकळी फुटली की डफ वाजवायचा. डफ वाजला की हात घालून रवा बाहेर काढायचा. ज्याचा हात भाजला तो खोटा, ज्याचा नाही भाजला तो खरा. अशी ती चाल. कित्येक वर्षांत ती कुणी केली नव्हती, पण मोडलीही नव्हती. न्यायाधीशांच्या मनाला ते पटेना, पण दोन्ही बाजूंनी मान्य केलं तर त्यांना नाही म्हणता येईना. आणि गावानं नाही म्हटलं असतं, तर गाव खोटं ठरलं असतं.

"कढया आम्ही देऊ, तेलही आमच्याच तेलघाण्याचं," जहागीरदार गोड हसून म्हणाला. "आमच्याकडून मी स्वतः हात घालीन. गावाकडून कोण?"

झालं! देवळासमोर बैठक बसली आणि जो तो आपले हात उपरण्याखाली, पदराखाली लपवू लागला. तिरपा तात्या तेवढा उठून उभा राहिला. हा गावातला नामांकित दारुडा. सरळ रस्त्यावरूनही तिरपा चालायचा म्हणून तिरपा तात्या. तो म्हणाला, "मी घातला असता हो, पण माझा हात थरथरतो. रवा सापडेपर्यंत माझी भजी होतील." लोक हसले. मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा येसूकाकूकडे वळल्या.

"काकू, तुमच्या हाताला चटक्यांची सवय आहे," कुणीतरी हळूच म्हणालं.

काकूला राग आला. असा राग आला की तिथल्या तिथं त्याच्या कानाखाली आवाज काढावा. चटक्याची सवय कधी कुणाला होते का? तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. याच हातावर तिचं घर चालत होतं. हा हात गेला तर पुरी कोण लाटणार, झारा कोण धरणार, आणि तिला कोण जेवायला घालणार? मग तिला दारातली कोरडी घागर आठवली.

"घालते मी," ती म्हणाली. "पाणीच नसेल तर हात ठेवून तरी करू काय? कोरडं पीठ फुंकत बसू?"

दिव्याचा दिवस उजाडला. काकूनं सकाळी उठून देवाला नमस्कार केला आणि मडक्याच्या तळाशी राहिलेल्या ओंजळभर पाण्यात कणीक मळायला घेतली. शेजारची कुंभारीण डोळे पुसत आली होती. ती बघतच राहिली.

"अगं काकू, हात भाजून घ्यायला निघालीस आणि कणीक कसली मळतेस?"

"कढई ती कढई," काकू म्हणाली. "दिव्याची असो नाहीतर दिवाळीची. पहिला घाणा देवाचा." तिनं कणकेचा गोळा वाटीत घेतला, लाटणं काखेत मारलं, झारा कमरेला खोचला आणि ती निघाली.

देवळासमोरच्या पटांगणात दोन चुलाणं पेटली होती. दोन्हींवर सारख्याच दोन कढया, दोन्हींत काठोकाठ तिळाचं तेल. जहागीरदाराच्या कढईभोवती मात्र धूप जाळण्याचा नुसता सपाटा लावला होता. राळ, लोबान, ऊद, सगळा धूर तिथंच. "पवित्र कार्य आहे," जहागीरदाराचे नोकर सांगत होते. तिरपा तात्या पुन्हा पुन्हा त्या कढईजवळ जाऊन नाक वर करत होता आणि नोकर त्याला पुन्हा पुन्हा हुसकावून लावत होते.

न्यायाधीश आसनावर बसले. डफवाला डफ शेकून तयार झाला. सगळं गाव चुलाणांभोवती गोळा झालं.

आणि बघता बघता जहागीरदाराच्या कढईत उकळी फुटली! बुडबुडे वर येऊ लागले, तेल खळखळू लागलं. डफ वाजला. जहागीरदारानं बाही मागं सारली, देवाचं नाव घेतलं आणि हात घातला तो सरळ तळापर्यंत. रवा काढून वर धरला. हात लाल झाला होता, पण एक फोड म्हणून नव्हता. लोकांच्या तोंडून "अगं बाई!" बाहेर पडलं. काही जणांनी तर हातही जोडले. जहागीरदार सगळ्यांना हात दाखवत एक फेरी मारून आला.

"आता गावाची पाळी," तो म्हणाला.

येसूकाकू आपल्या कढईपाशी जाऊन उभी राहिली. तिच्या कढईत रवा तळाशी पडला होता आणि तेल गप्प होतं. एक बुडबुडा नाही.

"उकळी फुटली नाही अजून," डफवाला म्हणाला. "लाकडं घाला."

नोकरांनी लाकडं घातली. तेल गप्पच. आणखी घातली. तरीही गप्प. कढईवरची हवा थरथरू लागली. काकूच्या तोंडाला झळ लागली. तेल आता धुरकट दिसायला लागलं होतं. या तेलात हात घातला तर फोड कसले यायचे, हातच राहायचा नाही. आणि नोकर आपले म्हणत होते, "अजून उकळत नाही, अजून घाला!"

काकूनं डोळे मिटले. देवा, वाचव रे. आणि डोळे मिटल्यावर तिच्यासमोर काय आलं असेल? तिच्या सगळ्या कढया! बारशाच्या, लग्नाच्या, उत्सवाच्या. इतकं आयुष्य तळण्यात गेलं, पण तेल आपल्या आपण उकळलेलं तिनं कधी पाहिलं होतं का? पुरी टाकली की बुडबुडे येतात. पुरी काढली की जातात. तेल तापतं, धुरावतं, फार झालं तर पेट घेतं. पण चुलीवरचं तेल पाण्यासारखं खळखळलेलं? छे! कधीच नाही.

मग त्या कढईत काय खळखळतंय?

काकूनं डोळे उघडले. पहिल्यांदा तिनं दोन्ही चुलाणांकडे नीट पाहिलं. तिच्या कढईखाली अर्धं झाड जळत होतं. जहागीरदाराच्या कढईखाली होत्या चार काटक्या. अस्सं!

"महाराज," ती मोठ्यानं म्हणाली, "हात घालायच्या आधी माझा एक नेम आहे. पहिला घाणा देवाचा. दोन्ही कढयांना एकेक पुरी दाखवू द्या."

"आता हे काय नवीन?" जहागीरदार ओरडला. "वेळ काढतेय ती!"

"देवाला एक पुरी द्यायला कसली आली वेळ?" न्यायाधीश म्हणाले. "दाखव, बाई."

काकूनं तिथंच पाट मागून घेतला, दोन चिमुकल्या पुऱ्या लाटल्या. एक आपल्या गप्प कढईत सोडली. चर्रर्र झालं, बुडबुड्यांचं मोहोळ उठलं, पुरी फुगली आणि बघता बघता काळी ठिक्कर पडली. लोक दचकून मागं सरले. मग काकू त्या दुसऱ्या, खळखळत्या कढईपाशी गेली आणि तिनं दुसरी पुरी सोडली.

पुरी बुडाली. गेली ती गेलीच. वर येण्याचं नाव नाही. कढई आपली खळखळतेच आहे आणि पुरी तळाशी झोपलेली! काकूनं झारा घालून ती बाहेर काढली. पांढरीफटक, ओली, लिबलिबीत. तिनं ती दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली.

"बघा हो! उकळत्या तेलातून आलेली पुरी बघा! जहागीरदार, तुमच्या स्वयंपाकघरात अशाच होतात काय?"

आधी कुंभारीण हसली. मग तिच्या शेजारची, मग सगळं पटांगण.

न्यायाधीश आसनावरून उठले. "बाई, मला नीट सांग. ही कढई उकळतेय, तरी तळत का नाही? आणि तुझी उकळत नाही, ती जाळते कशी?"

"महाराज, जगात ज्याची त्याची उकळी ठरलेली असते," काकू म्हणाली. "कुणी थोड्याशा तापानं उकळतं, कुणाला पुष्कळ ताप लागतो. पाणी उकळायला लागलं की त्याखाली कितीही जाळ घाला, ते त्याहून जास्त तापत नाही. नुसतं वाफ होऊन पळतं. तेलाची उकळी इतकी लांब आहे की तिच्या अलीकडेच ते धुरावतं. म्हणून तापलेलं तेल गप्प असतं, आणि आम्ही बायका त्या गप्प तेलालाच भितो. या कढईत जे उकळतंय ते तेल नाहीच. तळाशी दुसरंच काहीतरी आहे. पाण्याच्याही आधी उकळणारं. ते आहे तोवर वरचं तेल फारसं तापायचं नाही."

"खोटं!" जहागीरदार किंचाळला. "शुद्ध तेल आहे! माझ्या घाण्याचं!"

"मग सोपं आहे," काकू म्हणाली. "तुमच्याही कढईखाली माझ्याइतकीच लाकडं घाला. तेलच असेल तर माझ्या कढईसारखं वागेल. नसेल तर काय काय होईल ते मी आधीच सांगून ठेवते. खळखळ वाढेल, पण पुरी कच्चीच राहील. मग जे आधी उकळतं ते उडून जाईल आणि त्याच्याबरोबरचं पाणी मागं राहील. ते पाणी तेलाखालून भांडत बाहेर पडेल, तडतड उडेल, तेव्हा सगळ्यांनी लांब उभं राहा. पाणीही गेलं की कढई गप्प होईल. आणि ज्या क्षणी ती गप्प होईल, त्या क्षणापासून ती खरी तापायला लागेल. यातलं एक जरी चुकलं, तर मी हात घालते. माझ्या त्या धुरावलेल्या तेलात घालते."

कुंभारणीनं काकूचा पदर ओढला. "अगं, काय बोलतेस हे?" काकूनं पदर सोडवून घेतला. आयुष्यभर जे पाहिलं त्यावर तिचा भरवसा होता.

"घाला लाकडं," न्यायाधीश म्हणाले. "आणि तो धूप आधी विझवा. डोळे चुरचुरायला लागलेत."

धूप विझला. धूर पांगला. आणि त्याबरोबर तिरपा तात्या गर्दीतून वाट काढत, वाऱ्याकडे नाक करून, सरळच्या सरळ चालत कढईपाशी आला. आयुष्यात तो इतका सरळ कधी चालला नव्हता.

"मोहाची!" तो कळवळून ओरडला. "मोहाची आहे हो! आणि तीसुद्धा पहिल्या धारेची! अरे पाप्यांनो, एवढी चांगली दारू तेलाखाली कुणी ओतली? इथं माझ्यासारखा माणूस कोरडा बसलाय!"

हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. जहागीरदाराचा चेहरा मात्र उतरला. "त्या बेवड्याचं काय ऐकता?" तो म्हणाला, पण आवाज पहिल्यासारखा निघेना.

जाळ धडधडून पेटला. कढई दुप्पट जोरानं खळखळू लागली. काकूनं पुरी सोडली. बुडाली. काढली तर कच्ची. "पहिलं खरं झालं," न्यायाधीश म्हणाले.

मग मोहाचा वास हळूहळू विरत गेला. तात्या उसासे टाकत होता. आणि एकदम कढईतून तड्ड झालं! मग तडतड, फाडफाड, तेलाचे शिंतोडे उडायला लागले. पोरंसोरं किंचाळत पळाली. जहागीरदाराचे नोकर सगळ्यांच्या पुढं पळाले. "दुसरंही खरं," न्यायाधीश लांबून म्हणाले. त्यांना आता पोरांइतकीच मजा वाटत होती. आसन सोडून ते गर्दीत उभे होते.

तडतड कमी झाली. एखादाच बुडबुडा, मग तोही नाही. कढई गप्प झाली. थोडा वेळ काकूनं नुसती वाट पाहिली. तेलावरची हवा थरथरायला लागली तेव्हा तिनं एक पुरी लाटली, डोक्याला लावली आणि अलगद तेलात सोडली.

पुरी खाली गेली, लगेच वर आली आणि टम्म फुगली. सोनेरी, गोल, अशी की बघत राहावं.

गावानं असा काही जल्लोष केला की देवळावरचे पारवे उडाले. डफवाल्याला राहवेना, तो डफ वाजवत सुटला. कुंभारीण काकूच्या गळ्यात पडून रडायला लागली. काकूचेही डोळे भरून आले. तिनं ती पुरी झाऱ्यानं उचलली आणि चुलाणातल्या अग्नीला दिली. देवाचा घाणा पोचला.

न्यायाधीश जहागीरदाराकडे वळले तसा तो तिथंच खाली बसला. "महाराज, चुकलं माझं," तो पुटपुटला. "पणजोबांनी झरा बांधला असं मीच उठवलं. मला कारंजी हवी होती."

"ज्याला आपलं खरं असल्याची खात्री असते तो कढईत दारू ओतत नाही, हे मला आधीच कळलं होतं," न्यायाधीश म्हणाले. "झरा गावाचा. कुंपण आजच निघेल."

पण लोकांचं एवढ्यानं भागेना. कुणीतरी मागून ओरडलं, "त्याला त्याच्या कढईत हात घालू दे! आता घाल म्हणावं!" दुसऱ्यानं साथ दिली. मग सगळेच ओरडू लागले. "घाल हात! घाल हात!" चार जणांनी जहागीरदाराला दंडाला धरून उभं केलं आणि कढईकडे ओढत नेलं. न्यायाधीश बोलायला गेले, पण त्या गोंगाटात त्यांचं कोण ऐकतं!

काकूनं जहागीरदाराच्या हाताकडे पाहिलं. मऊ, गुबगुबीत हात, बोटात अंगठी. या हाताला आजवर काही लागलंच नव्हतं. तिला आपला पहिला चटका आठवला. लहान होती तेव्हा. किती रडली होती! आईनं हात मांडीवर घेऊन रात्रभर कोरफडीचा गर लावला होता. सकाळी हाच माणूस तिचा हात जळताना बघायला टपून बसला होता, तेही खरं. काकूला त्याचा राग होताच. पण हात तो हात.

तिनं भराभर कणकेचे उंडे केले, पुऱ्या लाटल्या आणि एकापाठोपाठ एक त्या कढईत सोडून दिल्या. कढई भरून गेली. मग झारा आडवा धरून ती चौघांपुढं उभी राहिली.

"सरका मागं! कढई रिकामी नाही. तळण चालू असलेल्या कढईत कुणी हात घालायचा नाही, हा माझ्या धंद्याचा नियम आहे."

"पण काकू, त्यानं तुझा हात जाळायला..."

"तेच सांगतेय!" काकू कडाडली. "मी खरी होते ना? गाव खरं होतं ना? तरी मी त्या कढईत हात घातला असता तर जळलाच असता. आणि हा खोटा, तरी याचा नाही भाजला. तेलाला काय ठाऊक कोण खरं न् कोण खोटं? त्याला एवढंच ठाऊक, आपण किती तापलोय. आज याला भाजाल, उद्या कुणा गरिबाला निव्वळ खरं बोलला म्हणून भाजाल. मला नाही चालायचं. ज्याला हात घालायचाय त्याची आधी माझ्याशी गाठ आहे."

आता तापलेला झारा घेतलेल्या येसूकाकूशी कोण भिडणार? चौघांनी जहागीरदाराचे दंड सोडले. गोंगाट विरला. लोक खाली बघू लागले.

न्यायाधीश पुढं आले आणि त्यांनी काकूला हात जोडले. "बाई, आजवर मी पुष्कळ निवाडे दिले. आजचा निवाडा तू दिलास. आजपासून या मुलखात रव्याचं दिव्य बंद. कढया राहतील, पण तळणीसाठी."

"मग बोलत काय बसलात, महाराज? पुऱ्या करपतायत!" काकू म्हणाली आणि वळून तिनं घाणा काढला.

कुंपण तोडून बायकांनी गायमुखावरून घागरी भरून आणल्या. घराघरांतून पीठ आलं. दोन्ही कढया, एकीखालचा जाळ जरा कमी करून, तळणीला लागल्या. जहागीरदार एका कडेला मान खाली घालून बसला होता. काकूनं त्याच्यापुढं परात सरकवली.

"हात वाचलाय ना? मग वापरा. कणीक तिंबा."

त्यानं कणीक तिंबली. पुऱ्याही लाटल्या, पण त्या अशा वेड्यावाकड्या की तात्या म्हणाला, "ही पुरी माझ्यासारखीच तिरपी आहे, मलाच द्या." जहागीरदाराला हसू आलं. त्या दिवशी पटांगणात गाव एका पंगतीला बसलं, न्यायाधीश लहान मुलांच्या रांगेत बसले आणि मागून मागून पुऱ्या खाऊन शेवटी धोतर सैल करून उठले. कुणाची पुरी तेलकट होती की नाही, ते काकूला विचारायची मात्र कुणाची छाती झाली नाही.

गायमुखाची धार अजून वाहते म्हणतात. आणि त्या गावात कुणी फार गर्जायला लागला, मोठमोठ्या बाता मारायला लागला, की लोक एकमेकांकडे बघून हळूच विचारतात, "खळखळतंय, की तापलंय?" आणि मग एक पुरी टाकून बघतात.

तात्पर्य काय, तर उकळी ज्याची त्याची वेगळी असते. वरचा खळखळाट पाहून आतला ताप ठरवू नये, आणि कुणाचा हात भाजला की नाही यावरून तो माणूस खरा की खोटा, हे तर मुळीच ठरवू नये.